संरक्षण खाते सुटल्यावर

मुंबईच्या उपनगरांनी देशाला दोन संरक्षणमंत्री दिले, हे आज अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या मतदाराला सहसा आठवत नाही. पहिले व्ही. के. कृष्ण मेनन. १९५७ आणि १९६२ अशा दोन्ही निवडणुका त्यांनी उत्तर मुंबईतून जिंकल्या. १९६२ ची लढत तर आचार्य कृपलानींशी होती आणि ती देशभर गाजली. दुसरे प्रमोद महाजन. १९९६ मध्ये ईशान्य मुंबईतून ते लोकसभेवर गेले आणि वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षण खाते त्यांच्याकडे आले.

संरक्षण खरेदीची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘खुर्चीत असताना तोफा घ्यायच्या आणि खुर्ची गेली की तोफा विकणाऱ्याकडे नोकरी धरायची, सगळे असेच असतात.’ या वाक्यात काही खरे आहे, बरेच चुकीचे आहे, आणि जे खरे आहे ते लोक समजतात त्या ठिकाणी नाही. शस्त्रनिर्मिती आता पवई आणि विक्रोळीपर्यंत येऊन पोचली आहे. म्हणून हे समज नीट तपासून घेणे उपनगरांतल्या वाचकाच्या जवळचे काम आहे.

‘आपले संरक्षणमंत्रीही शेवटी शस्त्रकंपन्यांतच जातात’

मराठी मुलखाशी नाते असलेल्या संरक्षणमंत्र्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले तर हा समज टिकत नाही. चीन युद्धातल्या पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारले. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले, या वेळी बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी त्यांना हरवले. मेनन यांनी वकिली केली, १९६९ मध्ये ते बंगालमधल्या मिदनापूरमधून आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून लोकसभेत परतले. कोणत्याही शस्त्र कारखानदाराच्या दारात ते गेले नाहीत.

मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. चार वर्षांनी चव्हाण गृहमंत्री झाले. शरद पवार १९९१ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि मार्च १९९३ मध्ये, दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत, मुख्यमंत्री म्हणून परतले. मनोहर पर्रीकर २०१७ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्रिपदावर परत गेले. महाजन १९९८ मध्ये ईशान्य मुंबईतच हरले, पण दिल्लीच्या राजकारणात राहिले. पाचही जण राजकारणातून राजकारणातच गेले.

‘म्हणजे आपले नेते परदेशी नेत्यांपेक्षा स्वच्छ’

हा पहिल्या समजाच्या उलट टोकाचा गैरसमज. वरच्या यादीचे श्रेय केवळ नीतीला देता येत नाही, कारण पर्रीकर सोडले तर बाकीच्यांना जायला कंपन्याच नव्हत्या. १९४८ आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणांनी शस्त्रनिर्मिती पूर्णपणे सरकारकडे ठेवली होती. तोफा, बंदुका, दारूगोळा सरकारी आयुध कारखान्यांत होत असे. विमाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे. मेनन स्वतः या सरकारी उभारणीचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९५८ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे डीआरडीओ, स्थापन झाली आणि मिग-२१ विमाने भारतात बांधण्याचा करार झाला, ज्यातून पुढे नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला. मंत्रिपद गेलेल्या माणसाला यातली कोणती सरकारी संस्था काय म्हणून मोठा पगार देणार होती?

मे २००१ मध्ये चित्र पालटले. शस्त्रनिर्मिती खासगी उद्योगाला खुली झाली आणि २६ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली. २०२० पासून सरकारच्या वेगळ्या मंजुरीशिवाय ७४ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवल येऊ शकते. पवईत मोठा पसारा असलेल्या लार्सन अँड टुब्रोला २०१७ मध्ये लष्कराकडून ‘के-९ वज्र’ जातीच्या १०० स्वयंचलित तोफांची, सुमारे साडेचार हजार कोटी रुपयांची मागणी मिळाली. त्या तोफा हजिऱ्याला तयार झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० तोफांचा, साडेसात हजार कोटींहून मोठा करार झाला. विक्रोळीत गोदरेज ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सांगाड्याचे भाग बनवते. २०२४-२५ मध्ये देशातले संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांवर गेले. त्यात खासगी कंपन्यांचा वाटा २३ टक्के होता.

हा विस्तार आनंदाचा आहे. हजारो अभियंत्यांना आणि कामगारांना त्यातून काम मिळते, आणि दुसऱ्या देशाच्या मर्जीवर सैन्य चालवण्याची पाळी कमी येते. पण त्याबरोबर मंत्र्याने उद्या जाण्यासारखी जागाही तयार झाली आहे. १९६२ मध्ये मेनन यांच्यासमोर नसलेला मोह आजच्या मंत्र्यासमोर असू शकतो.

‘परदेशात हे चोरून चालते’

तिथे हे उघड आणि बहुतेक वेळा कायद्याला धरून चालते, हेच लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनचे जेफ हून १९९९ ते २००५ संरक्षणमंत्री होते. भारताने ६६ हॉक प्रशिक्षण विमाने घेण्याचा निर्णय २००३ मध्ये घेतला, तेव्हा ब्रिटनच्या बाजूला संरक्षण खाते त्यांच्याकडे होते. मार्च २०१० मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर ते आपल्या ओळखी आणि माहिती यांतून पैसा कमवायची इच्छा बोलून दाखवताना दिसले. संसदेच्या समितीने त्यांना दोषी धरले आणि माजी खासदार म्हणून मिळणारा त्यांचा प्रवेशपास पाच वर्षांसाठी बंद झाला. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, ते ऑगस्टा-वेस्टलँड या हेलिकॉप्टर कंपनीत मोठ्या पदावर रुजू झाले. हीच ती कंपनी, जिच्याशी भारताने फेब्रुवारी २०१० मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी १२ हेलिकॉप्टरांचा करार केला होता. तो करार हून कंपनीत येण्याच्या आधीचा, हे स्पष्ट सांगायला हवे.

जर्मनीत डिर्क नीबेल विकास खात्याचे मंत्री असताना शस्त्रनिर्यातीला मंजुरी देणाऱ्या सुरक्षा परिषदेवर होते. ते २०१५ मध्ये राइनमेटाल या शस्त्रकंपनीत गेले. तिथल्या लोकांना ते इतके खटकले की त्याच वर्षी कायदा झाला : मंत्रिपद सोडल्यावर हितसंबंध आड येत असतील तर सरकार बारा महिने, आणि गंभीर प्रकरणात अठरा महिने, नवी नोकरी थांबवू शकते. तरी माजी संरक्षणमंत्री फ्रान्झ योजेफ युंग २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर आले. संरक्षण खाते त्यांनी २००९ मध्येच सोडले होते, त्यामुळे मुदतीचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे. मार्क एस्पर रेथिऑन या क्षेपणास्त्र कंपनीची सरकारदरबारी वकिली करत होते. तिथून ते २०१७ मध्ये लष्करी खात्याचे सचिव आणि २०१९ मध्ये संरक्षणमंत्री झाले. त्यांच्यानंतर काही काळाने ती खुर्ची मिळालेले जनरल लॉइड ऑस्टिन निवृत्तीनंतर त्याच रेथिऑनच्या संचालक मंडळावर होते. निवृत्तीनंतर सात वर्षे झाल्याशिवाय लष्करी अधिकाऱ्याने संरक्षणमंत्री होऊ नये, असा तेव्हा तिथे कायदा होता. ऑस्टिन यांच्यासाठी संसदेने तो खास कायदा करून बाजूला ठेवला.

‘लाच घेतली नाही, मग बिघडले कुठे?’

हा समज सुशिक्षितांतही आहे, आणि सर्वांत घातक तोच. लाचेचा माग लागतो. पैसे कुठून निघाले, कुठल्या बँकेत गेले, मधला माणूस कोण, हे तपास यंत्रणा शोधू शकते. १९४८ मध्ये मेनन लंडनमध्ये उच्चायुक्त असताना घेतलेल्या जीपगाड्यांचे प्रकरण असो (सुमारे ८० लाखांच्या व्यवहारात १५५ गाड्या आल्या, त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या), १९८६ च्या १,४३७ कोटींच्या बोफोर्स तोफा असोत की वरची हेलिकॉप्टरे असोत, वाद कागदांवर, खात्यांवर आणि दलालांवर झाला. हेलिकॉप्टरांचा करार सरकारने १ जानेवारी २०१४ रोजी रद्द केला, तोही कंपनीने सही केलेल्या सचोटी कराराच्या कलमांवर बोट ठेवून.

पुढच्या नोकरीच्या आशेला असा कागद नसतो. दोन तोफा तोडीस तोड असताना एका कंपनीकडे किंचित झुकणे, चाचणीची मुदत वाढवणे, एखादी अट सैल करणे, यात कुठलाही गुन्हा दाखल होत नाही. मंत्र्याने मागितलेले नसते आणि कंपनीने कबूल केलेले नसते. दोघांनाही फक्त माहीत असते की दोन वर्षांनी संचालक मंडळावर एक जागा रिकामी होईल. दुसरे नुकसान पद सुटल्यानंतरचे : सैन्याला पुढच्या दहा वर्षांत काय लागणार, किती किमतीपर्यंत सरकार जाईल, प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्रात कोणती खोट सापडली, हे सगळे त्या माणसाच्या डोक्यात असते. ते जनतेच्या खर्चाने मिळालेले ज्ञान आहे.

‘त्यासाठी कायदा आहे की!’

आहे, पण अधिकाऱ्यांसाठी. केंद्राच्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती. वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांनाही असाच नियम आहे. मंत्र्यांना एक दिवसाचेही बंधन नाही.

मंत्र्यांसाठी गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे. ती सांगते की पद घेण्याआधी धंद्याशी संबंध तोडा, मालमत्ता जाहीर करा, दरवर्षी हिशेब द्या. पद सोडल्यावर काय करावे, यावर ती गप्प आहे. शिवाय तो कायदा नाही, पाळला नाही तर शिक्षा नाही. ‘लाभाचे पद’ हा शब्द अनेकांच्या ओठांवर येतो, पण राज्यघटनेतले ते १०२ वे कलम सरकारी पदांबद्दल आहे, खासगी कंपनीच्या संचालकपदाबद्दल नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९-अ कलम सरकारशी माल पुरवण्याचा चालू करार असलेल्या व्यक्तीला अपात्र ठरवते. कंपनीत साधे संचालक असणे त्यात बसत नाही. म्हणजे आज एखादा संरक्षणमंत्री सोमवारी राजीनामा देऊन मंगळवारी शस्त्रकंपनीत रुजू झाला तर त्याला अडवणारे कलम भारतात नाही.

अधिकाऱ्यांची एक वर्षाची मुदतसुद्धा तोकडी आहे. १२६ लढाऊ विमानांची निविदा भारताने २००७ मध्ये काढली, राफेलची निवड २०१२ मध्ये झाली आणि अखेर ३६ विमानांच्या करारावर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सप्टेंबर २०१६ मध्ये सही झाली. नऊ वर्षे चालणाऱ्या खरेदीत बारा महिन्यांची मुदत कितीशी पुरणार?

‘मग निवृत्त फौजींना कंपन्यांत बंदीच घाला’

नको. तोफ सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या धुळीत कशी वागते, हे ती चालवलेल्या माणसाकडून कळते, आणि पवईच्या अभियंत्याला त्याच्याशी बोलावेच लागते. आक्षेप अनुभवावर नाही. ज्या टेबलावर बसून खरेदीचे निर्णय घेतले, त्याच टेबलासमोर उद्या विक्रेता म्हणून बसण्यावर आहे, आणि तो प्रश्न सुभेदारापेक्षा मंत्र्याच्या बाबतीत कितीतरी मोठा आहे.

नियम काय असावा, हे फार अवघड नाही. संरक्षण खात्याच्या मंत्र्यांना आणि राज्यमंत्र्यांना किमान दोन वर्षे शस्त्रउद्योगात पद, सल्लागारी किंवा मानधन घेण्यास मनाई, त्यानंतरही काही वर्षे अशा प्रत्येक कामाची सार्वजनिक नोंद, आणि मोडल्यास दंड. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीवरचे खासदारही त्यात यावेत. अशी तरतूद गरज पडण्याआधी करणे सोपे असते. एकदा कुणी वजनदार माणूस त्या वाटेने गेला की प्रत्येक कायदा त्याच्याविरुद्धचा डाव ठरतो.

शुक्रवारी दुपारी लोकसभेत खासदारांची अशासकीय विधेयके मांडली जातात. मंत्री नसलेला कोणताही खासदार ती मांडू शकतो, पक्षाचे सरकार असावे लागत नाही. मेनन आणि महाजन यांना दिल्लीला पाठवणाऱ्या उत्तर आणि ईशान्य मुंबईच्या मतदारांनी आपापल्या खासदाराला एवढेच विचारावे : अशा मनाईचे विधेयक तुम्ही मांडणार का, आणि कधी?