मागून आणलेल्या भाकरीपासून घरी भाजलेल्या पावापर्यंत

भाकरीचा इतिहास हाच आपल्या समाजाचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम, पूर्णा, कोणत्याही तालुक्यातल्या वस्तीवर जा आणि एखाद्या म्हाताऱ्या आजीला येसकरपाळीबद्दल विचारा. पूर्वाश्रमीच्या महार समाजातला माणूस दिवसभर गावकी करायचा आणि दिवेलागणीला हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडे घेऊन घरोघर भाकर मागत फिरायचा. वरून टाकलेले तुकडे झेलायचे. कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाची कोर, कोणाचा चतकोर. दहा घरच्या तुकड्यांचे ते गाठोडे घरी आले की मुलांची ताटे वाढली जायची. त्या भाकरीवर आपल्या घरचे नाव कधीच नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपण सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना ताटाबद्दलही बजावले होते. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी लाचारी करू नका, असा तो उपदेश होता. गावोगावच्या आपल्या आजोबा-पणजोबांनी तो ऐकला आणि उपाशी राहून पाळला. आज आपल्या घरात जी भाकर होते ती आपल्या कष्टाची आहे.

आजच्या कौटुंबिक पानात मात्र भाकरीच्या एका दूरच्या बहिणीची माहिती द्यायची आहे. ती म्हणजे इटलीतल्या शेतकऱ्यांचा जाड कवचाचा पाव. इटलीचा पाव आणि परभणीची चूल यांचा काय संबंध, असे काही भगिनी विचारतील. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

बाटवणारा पाव

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. इटलीत त्याला ‘पाने’ म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिन भाषेत एकच आहे. गोव्यात पाव फुगवण्यासाठी माडाची माडी वापरत. परधर्मीयाच्या हातचा, आंबवलेला आणि पाण्यात कालवलेला हा पदार्थ खाल्ला की माणूस बाटतो, असे सवर्ण समाजाने ठरवून टाकले.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. तिला जातिभेद मोडायचा होता. सभेत येणाऱ्या नव्या माणसाची परीक्षा कशाने घेत? ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाच्या तुकड्याने! तो तुकडा खाल्ला तरच सभासदत्व. पण सगळे गुपचूप चाले. १८६० साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि या मोठ्या माणसांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात सापडावे लागले. एका बिस्किटाची केवढी ही दहशत!

आता दुसरे चित्र पाहा. १९२० ते १९२२ या काळात बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. त्यांचे चरित्रकार सांगतात की सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडा खाऊन ते ग्रंथालयात जाऊन बसत आणि दुपारचे जेवण न घेता दिवसभर वाचत. रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून खात. ज्या पावाने सनातन्यांचा धर्म बुडत होता, त्याच पावाच्या तुकड्यावर आपल्या उद्धारकर्त्याचा अभ्यास चालला होता. पाव कोणालाच बाटवत नाही. तो पोट भरतो.

कष्टकऱ्यांचा पाव

इटलीच्या दक्षिणेला आल्तामुरा नावाचे गाव आहे. तिथला पाव युरोपात इतका नावाजलेला आहे की २००३ साली त्याच्या नावाला युरोपीय संघाने कायद्याचे संरक्षण दिले. पण मुळात हा शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा पाव. रानात कित्येक दिवस राहायचे, तेव्हा टिकणारे अन्न हवे. म्हणून त्याचे कवच जाड आणि कडक, आतला भाग मऊ आणि जाळीदार. त्यात अंडे नाही, दूध नाही, तूप-साखर नाही. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, एवढेच.

तिथल्या बाया घरी पीठ मळत आणि भाजायला गावाच्या सामाईक भट्टीवर पाठवत. पावांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या नावाच्या अक्षराचा ठसा पावावर उठवत असे. दहा घरच्या तुकड्यांचे गाठोडे आठवा, आणि घरच्या नावाचा हा ठसा पाहा. गरिबी दोन्हीकडे होती, पण तिथे भाकर ज्याची त्याची होती.

आणखी एक गंमत आहे. आल्तामुराचा पाव ज्या ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्यापासून करतात, त्याच जातीचा आपला बन्सी गहू. म्हणजे दाणाही आपल्याला परका नाही.

आपल्या हातांना हे नवे नाही

दीक्षाभूमीवर गेलेल्या बंधू-भगिनींपैकी अनेकांनी नागपुरात लंबी रोटी खाल्ली असेल. लोकवन गव्हाचे पीठ इतके सैल भिजवतात की ते हातावरून ओघळते. आपटून आपटून त्याला चिवटपणा आणतात, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवतात आणि उपड्या मडक्यावर टाकतात. ही कला तिथल्या आपल्या बौद्ध आया-बहिणींनी जिवंत ठेवली आणि तिच्यावर संसार उभे केले. इटलीच्या पावाची अर्धी विद्या हीच आहे. पीठ सैल असले पाहिजे.

उरलेली अर्धी विद्या आपल्या रोडग्यात आहे. गोवऱ्यांच्या आरात रोडगा भाजताना वरून-खालून सारखी धग कशी द्यायची, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना न शिकवता येते. मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांवरचे असे सारे अन्न शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. ज्या स्वयंपाकाची कोणी दखल घेतली नव्हती, तो पुस्तकात आला, ही मोठी गोष्ट आहे.

ज्वारीचे पीठ मात्र यासाठी चालत नाही. गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट द्रव्य असते. यीस्टमुळे पिठात हवा तयार होते आणि ग्लुटेन ती फुग्यासारखी धरून ठेवते. ज्वारीत हे द्रव्य नाही, म्हणून भाकर थापावी लागते आणि ती पावासारखी फुगत नाही.

साहित्य

मैदा ३०० ग्रॅम, बन्सी किंवा लोकवन गव्हाचे चाळलेले पीठ १०० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, मीठ दीड चहाचा चमचा, कोरडे दाणेदार यीस्ट पाव चमचा. यीस्ट किराणा दुकानात किंवा बेकरीचे सामान विकणाऱ्याकडे मिळते.

कृती

१) पीठ, मीठ आणि यीस्ट परातीत एकत्र करा. पाणी घालून हाताने कालवा. मळत बसू नका. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि भज्याच्या पिठापेक्षा घट्ट हवे. हाताला चिकटेल, चिकटू द्या.

२) पातेल्यात काढून झाका. थंडीत रात्री कालवले तर दहा-बारा तासांनी, सकाळी तयार होते. परभणीचा पारा हिवाळ्यात काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी पातेले चुलीजवळ ठेवा. उन्हाळ्यात मात्र माठातले पाणी वापरा आणि पहाटे कालवा. चार-पाच तासांतच पीठ दुप्पट होते. वर बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला की झाले. पीठ आणि पाणी एवढा वेळ एकत्र राहिले की चिवटपणा आपोआप येतो. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची ही न मळता पाव करण्याची रीत २००६ साली वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभरच्या घरांत पोचली.

३) काठवटीत कोरडे पीठ भुरभुरा. आंबलेला गोळा त्यावर घ्या, चारी बाजू मधे दुमडा आणि गोल करा. कोंडा पसरलेल्या फडक्यावर पाऊण तास ठेवा.

४) बिडाचे किंवा जाड बुडाचे झाकणाचे भांडे वीस मिनिटे चांगले तापवा. त्यात थोडा कोंडा टाकून गोळा अलगद सोडा. वर धारदार सुरीने एक चीर द्या आणि लगेच झाकण लावा. झाकणावर निखारे ठेवा. खाली विस्तव कमी, वर जास्त, हा नियम लक्षात ठेवा.

५) अर्ध्या-पाऊण तासाने झाकण काढा आणि आणखी दहा मिनिटे भाजा. झाकणाखाली कोंडलेल्या वाफेने वरची साल मऊ राहते आणि पाव फुगतो. झाकण काढल्यावर तीच साल वाळून कडक होते. कवचाचे रहस्य एवढेच आहे. पाव उलटा करून बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला की आत शिजला.

६) जाळीवर किंवा सुपात तासभर निवू द्या. निवताना कवच तडतडते, ते ऐकण्यासारखे असते. गरम कापला तर आत गिच्च लागतो.

गॅसवर करायचे तर भांड्यात वाळूचा थर, त्यावर ताटली आणि त्यावर पाव ठेवा. पंचवीस-तीस मिनिटांनी उलटून पुन्हा पंधरा मिनिटे भाजा. कुकर वापरला तर शिट्टी आणि रबर काढून टाका. ओव्हन असेल तर २३० अंशांवर झाकून अर्धा तास आणि उघडा पंधरा मिनिटे. निखाऱ्यांचे काम अंगणातच करा. बंद खोलीत त्यांचा विषारी वायू जीव घेऊ शकतो.

आंबवण्यात दारूचा अंश येतो, मग पाचव्या शीलाचे काय, असा प्रश्न एखाद्या उपासिकेच्या मनात येईल. आंबवताना थोडे अल्कोहोल तयार होते खरे, पण भाजताना ते जवळजवळ सगळे उडून जाते. त्याने नशा होत नाही. आपली आंबील आपण पितोच की. वर्षावासात भिक्खू संघाला दुपारच्या आत भोजनदान द्यायचे असते. तेव्हा आदल्या दिवशी भाजलेला हा पाव सोयीचा पडतो.

शिळे कोणाचे?

इटलीची माणसे या पावावर लसूण आणि टमाटा चोळून तेल सोडतात. आपण करडईचे तेल आणि जवसाची चटणी घ्यावी. येसराच्या आमटीत कवच बुडवून खाल्ले तर रोडग्याची आठवण येते. मैदा असल्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तुकडाच खावा आणि रोजच्या ताटातली ज्वारीची भाकर कोणीच सोडू नये.

पाव शिळा झाला तरी टाकू नका. इटलीत शिळ्या पावाचे टमाट्यात शिजवलेले कालवण करतात. आपण शिळी भाकर कुस्करून फोडणीला देतो, तसाच पावही देता येतो. शिळे खाण्यात लाज नाही. दुसऱ्याने फेकलेले शिळे खावे लागत होते, तो अपमान होता. आपण आपल्या हाताने भाजलेले दुसऱ्या दिवशी खाणे ही काटकसर आहे. महाडला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला तो हाच भेद.

आपल्या हातचे विकत घेतील का?

बचत गटातल्या भगिनी पापड, शेवया, मसाले करतात. पण खरा प्रश्न मनात असतोच, आपल्या हातचे शिजवलेले अन्न गाव विकत घेईल का? हा प्रश्न जुना आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या आपल्या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. लोक फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. १९२२ साली महाराज गेले. आज कोणी राजा आपल्या दुकानापुढे गाडी थांबवणार नाही. त्यामुळे स्वच्छता, वजन आणि चव यांतच आपली वकिली आहे. विकायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्यावी. आधी चार-सहा पाव घरी जमले पाहिजेत, मग वस्तीत, मग बाजारात, अशा क्रमाने जावे.

आणि आपल्या मुलींना यातले शास्त्रही शिकवावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. पाव-बिस्किटांचे तंत्र तिथे पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलीला हा रस्ता दाखवा. चुलीपुढे बसलेल्या आईला जे हाताने कळते, ते मुलीला प्रयोगशाळेत मोजून कळेल.

भगिनींनो, पहिला पाव जमल्यावर एक करा. भट्टीत घालण्याआधी त्यावर सुरीने आपल्या घराचे पहिले अक्षर कोरा. येसकराच्या गाठोड्यात जे कधीच नव्हते, ते आपल्या मुलांना ताटात वाढा.

जयभीम!