सांडपाण्याचें गणित

मोरींत ओतलेलें पाणी दृष्टीआड झालें म्हणजे गृहस्थाची त्याविषयींची काळजी संपते; पण त्या पाण्याचा खरा प्रवास तेथूनच सुरू होतो. भांडीं घासलेलें, कपडे धुतलेलें, शौचकूपांतून आलेलें असें सर्व पाणी भुयारी गटारांतून एकत्र होऊन वाहत राहतें, आणि जेथें व्यवस्था चांगली असेल तेथें नदीला किंवा समुद्राला मिळण्यापूर्वीं तें शुद्धीकरण केंद्रांत येतें. हें केंद्र म्हणजे एक कारखानाच होय. मात्र कापडाच्या गिरणीला कापूस कमी पडला तर गिरणी थांबवितां येते, वाईट कापूस परत पाठवितां येतो. या कारखान्यास येईल तो माल, येईल तेव्हां आणि येईल तितका घ्यावाच लागतो; आणि येथील कामकरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अब्जावधि सूक्ष्म जंतु. अशा कारखान्यावर हुकमत चालवावयाची कशी, या प्रश्नाचें जें उत्तर गेल्या पन्नास वर्षांत हळूहळू तयार झालें, त्यांत संगणकाचा वाटा फार मोठा आहे.

जंतूंकडून काम करवून घेण्याची आज जगभर प्रचलित असलेली पद्धति इंग्लंडांत मँचेस्टर येथें निघाली. तेथील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या रसायनज्ञांनीं बाटल्यांत मैलापाणी भरून त्यांतून हवा सोडण्यास आरंभ केला. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. एवढ्यावर त्यांनीं प्रयोग सोडून दिला असता तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनीं वरचें निवळलेलें पाणी काढून टाकिलें, तळाचा गाळ तसाच ठेविला आणि त्यावर नवें मैलापाणी ओतलें. दर खेपेस गाळ वाढत गेला व वेळ कमी होत गेला. अखेर पांच आठवड्यांचें काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. १९१४ सालच्या एप्रिलमध्यें हा शोध त्यांनीं जाहीर केला. गृहिणींना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं; कालच्या दह्याचें विरजण आजच्या दुधाला लावावें, तोच हा प्रकार. या दोघांना मार्ग दाखविणारे गिल्बर्ट फाउलर हे पुढें १९१६ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळें या शोधाचा एक धागा आपल्या देशाशींहि जुळलेला आहे.

या विरजणांत जंतूंच्या जाती पुष्कळ. परंतु कामाच्या दृष्टीनें दोन वर्ग मुख्य होत. पहिला वर्ग खादाड. पाण्यांतील सेंद्रिय घाण तो प्राणवायूच्या साहाय्यानें फस्त करतो, आणि अन्न व हवा भरपूर असल्यास तीनएक तासांत संख्येनें दुप्पट होऊं शकतो. दुसरा वर्ग मंद आणि नाजूक. मूत्रापासून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचें नायट्रेटांत रूपांतर करणें हें त्याचें काम. पाण्याची उष्णता वीस अंश असली व सर्व अनुकूल असलें तरी त्याला दुप्पट होण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. पाणी दहा अंशांपर्यंत थंड झालें तर सुमारें साडेतीन दिवस. अमोनिया तसाच नदींत गेला तर मासे मरतात, म्हणून हा मंद वर्गच केंद्राची खरी दौलत. पण नायट्रेट झालें म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. पुढें तें पाणी, जींत मुळींच हवा सोडलेली नाहीं अशा टाकींत परत न्यावें लागतें. तेथें पहिल्या वर्गांतील कांहीं जंतु नायट्रेटांतला प्राणवायु ओढून घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपानें आकाशांत निघून जातो. सारांश, एका टाकींत हवा द्यावयाची आणि शेजारच्या टाकींत ती कटाक्षानें येऊं द्यावयाची नाहीं, असा हा उलटसुलट कारभार आहे.

कारभार पाहणाऱ्याच्या हातीं किल्ल्या थोड्याच असतात: हवा किती फुंकावी, गाळ किती परत आणावा, किती काढून टाकावा, पाणी किती फिरवावें. पंचाईत अशी कीं, प्रत्येक किल्लीचा परिणाम निरनिराळ्या वेळानें दिसतो. मोट रिती होतांच पाटाच्या शेवटच्या वाफ्यांत पाणी पोहोंचत नाहीं, हें शेतकरी जाणतो आणि धीर धरतो. येथें हवेचा परिणाम मिनिटांत दिसतो, परंतु गाळ जास्त काढल्याची चूक कळावयास आठवडाहि लागतो. तोंवर मंद वर्गाचे जंतु वाहून गेलेले असतात, आणि त्यांचें विरजण पुन्हां जमण्यास कित्येक आठवडे जातात. या मुदतींत शहरांतील मोऱ्या बंद ठेवतां येत नाहींत. म्हणजे करून पाहावें व चुकल्यास सुधारावें, हा शिकण्याचा सर्वांत जुना मार्ग येथें बंद आहे. कारण चुकीचा दंड खालच्या गांवांनीं आणि नदीनें भरावयाचा असतो.

येथें गणित उपयोगी पडलें. जंतूंच्या वाढीसंबंधींचा एक साधा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनीं १९४२ सालच्या आपल्या प्रबंधांत मांडला होता. तो पंगतीच्या उदाहरणानें चटकन् समजेल. वाढपी सावकाश वाढत असतील तर जेवणाराचा वेग वाढप्यांच्या हातांत असतो. वाढपी दुप्पट केले तर जेवणहि झपाट्यानें चालतें. पण पानांत भरपूर पडूं लागल्यावर आणखी दहा वाढपी आणले तरी कांहीं उपयोग नाहीं. आतां वेग जेवणाराच्या तोंडावर अवलंबून आहे. जंतूंचें अन्न, प्राणवायु आणि अमोनिया या तिहींना हाच नियम लागू करून डेन्मार्कचे मोगेन्स हेन्झे यांच्या अध्यक्षतेखालीं पांच देशांतील पांच तज्ज्ञांच्या एका मंडळानें १९८७ सालीं एक गणिती प्रतिरूप प्रसिद्ध केलें. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन विद्यापीठांत आधीं झालेल्या कामाचा त्याला मोठा आधार होता. पाण्यांतील व गाळांतील तेरा घटक आणि त्यांची वाढघट करणाऱ्या आठ प्रक्रिया, एवढाच त्याचा पसारा. तथापि या तेरांपैकीं जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्यावर अवलंबून असल्यानें, आणि प्रत्येक टाकींत क्षणोक्षणीं सर्वच बदलत असल्यानें, हें गणित कागदावर हातानें सोडविणें मनुष्याच्या आवांक्यांतलें नव्हे. संगणक मात्र महिन्याचा हिशेब थोडक्या वेळांत करून दाखवितो.

या हिशेबांतून काय हातीं येतें याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. शुद्धीकरण केंद्राच्या विजेपैकीं निम्म्याच्या आसपास वीज बहुतेक ठिकाणीं केवळ हवा फुंकण्यांत खर्च होते. सावध कारभारी सहज म्हणेल, ‘थोडी जास्तच असूं द्या.’ आतां उपर्युक्त प्रतिरूपांत असें धरलेलें आहे कीं, लिटरभर पाण्यांत ०.४ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतां मंद जंतूंचा वेग पूर्ण वेगाच्या निम्मा असतो. यावरून साधें त्रैराशिक नव्हे, पण साधा भागाकार करतां येतो. प्राणवायु २ मिलिग्रॅम ठेविला तर वेग शेंकडा ८३. तोच ४ मिलिग्रॅम केला तर शेंकडा ९१. म्हणजे प्राणवायु दुप्पट करून लाभ आठांचा. आणि खर्च? वीस अंश उष्णतेच्या पाण्यांत प्राणवायु फार तर ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. पाणी जितकें भुकेलें तितका तो लवकर शिरतो: २ वर असतां भूक ७ ची, ४ वर असतां ५ ची. तेवढाच प्राणवायु पाण्यांत घालण्यासाठीं आतां सातास पांच या प्रमाणांत, म्हणजे शेंकडा ४० नीं, अधिक जोर लावावा लागतो. शिवाय हा जादा प्राणवायु फिरत्या पाण्याबरोबर हवाबंदीच्या टाकींत शिरून तेथील नत्र घालविण्याचें काम बिघडवितो तें निराळेंच. उदारपणा येथें दोहोंकडून नडतो.

म्हणून हवा मापून द्यावयाची, आणि हें काम नियंत्रकाकडे सोंपवितात. टाकींत बुडविलेलें मापक प्राणवायूचा आंकडा सांगतें; नियंत्रक तो ठरविलेल्या आंकड्याशीं ताडून पाहतो व फरकाच्या मानानें झडप कमीजास्त उघडतो. नुसत्या फरकावर भागत नाहीं, कारण लहानसा फरक कायमचा राहून जातो; म्हणून साचत आलेल्या फरकाचाहि हिशेब तो ठेवतो. चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून आंच कमीजास्त करणारी बाई हेंच करते. नवीन व्यवस्थेंत याच्याहि वर दुसरा नियंत्रक असतो. तो शेवटच्या टाकींतील अमोनिया पाहून, आज प्राणवायु २ हवा कीं १ वरच भागेल, हें पहिल्याला सांगतो. रात्रीं शहर निजलें असतां अमोनिया कमी येतो. तेव्हां हवाहि कमी पुरते.

असे नियंत्रक पुष्कळांनीं सुचविले, आणि प्रत्येकाला आपलाच उत्तम वाटला. निवाडा करावयाचा कसा? एकाचें केंद्र थंड देशांत, दुसऱ्याचें उष्ण देशांत. एकाकडे पाऊस, दुसऱ्याकडे नाहीं. यावर युरोपांतील संशोधकांनीं मोठी सुंदर तोड काढली. त्यांनीं कोठेंहि अस्तित्वांत नसलेलें एक केंद्र गणितांत उभारलें, व त्याचें सविस्तर वर्णन २००२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. पांच टाक्या: पहिल्या दोन बिनहवेच्या, प्रत्येकी १००० घनमीटर, पुढील तीन हवेच्या, प्रत्येकी १३३३ घनमीटर, नंतर ६००० घनमीटरांची निवळणीची टाकी. कोरड्या हवेंत दिवसाला सरासरी १८,४४६ घनमीटर पाणी येतें. चौदा दिवसांत दर पंधरा मिनिटांस किती व कसलें पाणी आलें याच्या तीन वह्या तयार आहेत: एक कोरड्या दिवसांची, एक लांबलेल्या पावसाची, एक वादळाची. जगांतील कोणत्याहि अभ्यासकानें आपला नियंत्रक याच टाक्यांवर, याच पाण्यावर चालवून दाखवावा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रत आणि खर्चिलेली वीज सर्वांची एकाच मापानें मोजली जाते. येथें कोणी गाळ वाहवून टाकला तर एकहि मासा मरत नाहीं. विद्यार्थ्यानें मनसोक्त चुका कराव्या अशी ही जागा आहे.

वादळाची वही विशेष बोधप्रद आहे. जेथें पावसाचें व मोरीचें पाणी एकाच गटारांतून येतें तेथें मुसळधार पाऊस झाला कीं ओघ एकदम चढतो, आणि टाक्यांतील विरजण लोटून निवळणीच्या टाकींत ढकलतो. तेथील गाळाचा थर वर वर येतो, आणि कांठावरून सांडूं लागला म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई तासाभरांत नदींत जाते. या प्रसंगीं जुन्या कारभाऱ्यांची एक युक्ति आहे: येणारें पाणी पहिल्या टाकींत न घेतां शेवटच्या टाकींत वळवावें, म्हणजे पहिल्या टाक्यांतील गाळ जागच्या जागीं सुरक्षित राहतो. त्या वेळीं पाणी थोडें कमी शुद्ध होतें, पण दौलत वांचते. पाणी केव्हां वळवावें व केव्हां पूर्ववत् करावें, हें संगणकावर आधीं शंभरदां करून पाहतां येतें.

तरीहि गणितावर आंधळा विश्वास ठेवून चालत नाहीं. केरूनाना छत्रे यांच्या काळापासून महाराष्ट्रांत पंचांगाचा जो वाद झाला त्याचें मर्म हेंच होतें: गणितानें सांगितलेला ग्रह आकाशांत त्या जागीं दिसतो काय? शुद्धीकरणाच्या गणितालाहि असाच दृक्प्रत्यय पहावा लागतो. प्रत्येक शहराचें पाणी निराळें. कोठें रंगाचे कारखाने, कोठें दूधकेंद्रें. म्हणून त्या त्या ठिकाणचें पाणी कांहीं दिवस रात्रंदिवस तपासून, प्रतिरूपांतील आंकडे त्याच्याशीं जुळवून घ्यावे लागतात. हें काम कंटाळवाणें व खर्चाचें असल्यानें पुष्कळदां टाळलें जातें, आणि मग पडद्यावरच्या सुबक वक्ररेषा एका शहराच्या असतात व नदी दुसऱ्या शहराची.

मापकांचीहि तीच गोष्ट. प्राणवायूचें मापक अहोरात्र मैल्यांत बुडालेलें असतें. त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, व तो थर स्वतःच प्राणवायु खात असल्यानें आंकडा खोटा, कमी दिसतो. बिचारा नियंत्रक तो खरा मानून रात्रभर हवा फुंकत बसतो. यावरहि आतां प्रतिरूपाचाच उपयोग करूं लागले आहेत. खऱ्या केंद्राबरोबर संगणकांतील केंद्र जोडीनें चालू ठेवावयाचें. इतकी हवा दिली, इतकें पाणी आलें, तर प्राणवायु किती असावा हें त्यानें सांगावयाचें, आणि मापकाचें म्हणणें त्याच्याशीं तास-दोन तास जुळलें नाहीं कीं घंटा वाजावयाची. मग पाळीवरचा मनुष्य बादली आणि कुंचला घेऊन टाकीच्या कठड्याशीं जातो, मापक वर ओढतो, आणि पुसून पुन्हां पाण्यांत सोडतो.