उंबऱ्यावरची कॉफी

क्योतो शहराच्या पूर्वेला, कियोमिझु मंदिराकडे चढत जाणाऱ्या सान्नेन्झाका आणि निनेन्झाका या दगडी वाटांच्या दोन्ही अंगांना जुनी लाकडी घरं आहेत. १९७५ साली जपानने सांस्कृतिक वारशाच्या कायद्यात बदल केला आणि एकेकट्या मंदिराबरोबर अख्ख्या वस्तीलाही संरक्षण देण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी निवडलेल्या पहिल्या सात वस्त्यांत सान्नेन्झाकाचा परिसर होता. जवळच, यासाका पॅगोड्याच्या रस्त्यावर, २०१४ पासून ‘अराबिका’ नावाचं छोटं कॉफीचं दुकान चालतं. बहुतेक गिऱ्हाइकं काउंटरवरून पेला उचलतात आणि बाहेर पडतात. अशा ठिकाणी कॉफीचा स्टँड दिसला की वारशाची काळजी असणाऱ्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. काळजी खरी आहे, पण रोख चुकतो आहे. जुन्या घराचे आज जे जे उपयोग होतात, त्यांत त्याला सर्वांत कमी इजा करणारा उपयोग हाच आहे.

याचं कारण घराच्या रचनेतच सापडतं. क्योतोतल्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या जुन्या घराला माचिया म्हणतात. रस्त्याकडचं तोंड अरुंद, पण घर मागे लांबवर गेलेलं. पुढची खोली दुकानाची, मागच्या राहण्याच्या, मध्ये किंवा मागे इवलं अंगण आणि एका कडेने पुढून मागे जाणारी मातीच्या जमिनीची वाट. चूल त्या वाटेवरच. कित्येक घरांच्या दर्शनी बाजूला खाली पाडता येणारी फळी असे. तिच्यावर माल मांडायचा, काम आटोपलं की तिच्यावरच बसायचं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला उंबऱ्यावरूनच काही विकायचं, हे या घराचं मूळ कामच होतं. कॉफीच्या स्टँडला ही पुढची खोली पुरते: एक यंत्र, पाणी, वीज आणि उभं राहायला दोन माणसांपुरती जागा. उपाहारगृह आलं की मोठं स्वयंपाकघर, धुराडं आणि गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह लागतं. हॉटेल आलं की न्हाणीघरांसाठी आतल्या खोल्या तोडाव्या लागतात. संरक्षित वस्तीतले नियम मुख्यतः बाहेरच्या रूपावर लक्ष ठेवतात, त्यामुळे आतली ही तोडफोड रस्त्यावरून कोणाला दिसतही नाही.

घर नुसतं बंद ठेवणं हा पर्याय तर त्याहून वाईट. महापालिकेच्या पाहणीनुसार २०१६ च्या सुमारास क्योतोत सुमारे ४० हजार माचिया उरल्या होत्या. आधीच्या पाहणीनंतरच्या सातेक वर्षांत सुमारे ५,६०० नाहीशा झाल्या, म्हणजे दिवसाला सरासरी दोन. उरलेल्यांपैकी साधारण सातातलं एक घर रिकामं होतं. २०१७ साली शहराने खास नियम केला: ठरावीक माचिया पाडायच्या असतील तर वर्षभर आधी कळवायचं. त्या वर्षभरात घराला नवा धनी किंवा भाडेकरू मिळावा, ही त्यामागची आशा. पण भाडेकरू यायचा तर त्याला तिथे पोटापुरतं कमावता आलं पाहिजे.

कॉफी परकी आहे, जुन्या वस्तीत ती शोभत नाही, हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. क्योतोच्या तोजी मंदिराच्या कागदपत्रांत १४०३ सालचं एक हमीपत्र आहे. दक्षिण दरवाजासमोर एकेक नाण्याला चहा विकणाऱ्यांनी ते मंदिराला लिहून दिलं होतं. चहाचं सामान देवळाच्या आवारात ठेवणार नाही, अशा अटी त्यात होत्या. अठराव्या शतकात बाइसाओ नावाचा वृद्ध भिक्षू याच शहरात शेगडी खांद्यावर वाहून नेई आणि वाटेच्या कडेला चहा विकत बसे. उभ्या-उभ्या पेय विकणं इथे सहाशे वर्षांचं आहे, आणि त्यावरची तक्रारही तितकीच जुनी. कॉफी स्वतःही आता नवखी नाही. इनोदा ही क्योतोतली कॉफीची पेढी १९४० सालची. जपानभर कॉफीगृहांची संख्या १९८१ मध्ये दीड लाखांवर गेली होती, आज तिच्या निम्मीही उरलेली नाही. घरोघरी होणाऱ्या कॉफीच्या खपात क्योतोचं नाव वरच्या शहरांत असतं.

गर्दी आणि कचरा यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. चालता चालता खाणं जपानमध्ये अनेकांना रुचत नाही. कामाकुरा शहराने २०१९ साली अशा वर्तनाविषयी नियमच केला. सार्वजनिक कचरापेट्या तर १९९५ च्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर देशभर कमी झाल्या, म्हणजे रिकामा पेला टाकायचा कुठे, हाच प्रश्न. त्यातच २०१९ पासून दुकानात बसून घेतलेल्या कॉफीवर दहा टक्के कर आहे, तर बाहेर नेलेल्या कॉफीवर आठ. बाकडं न ठेवण्याला सरकारी सवलत मिळाल्यासारखंच झालं. दुकानदाराची जागा वाचते आणि कचरा शेजाऱ्याच्या दारात पडतो, हे अन्यायाचं आहे. पण ते निस्तरता येतं. दोन बाकडी, पेला परत घेण्याची पेटी आणि ती दिवसातून अनेकदा रिकामी करणारा माणूस, एवढं दुकानाकडून मागणं अवास्तव नाही. गर्दी मुळात मंदिरं आणि उतार पाहायला येते. स्टँड हटवला म्हणून ती ओसरणार नाही.

उरतो भाड्याचा प्रश्न, आणि इथे माझ्या बाजूच्या युक्तिवादाला धार कमी पडते. एका स्टँडला यश आलं की शेजारच्या घराचं भाडं चढतं, मग म्हातारा पंखेवाला किंवा लोणचेवाला निघून जातो. घर उभं राहतं, वस्ती मात्र रिकामी होते. म्हणून स्टँडचं स्वागत सरसकट नको. तो सकाळी लवकर उघडतो का? कामाला निघालेले शेजारी तिथे थांबतात का? वरच्या मजल्यावर रात्री कोणी झोपतं का? क्योतोचे बांधकामाचे नियम छपराची उंची आणि पाट्यांचे रंग काटेकोरपणे ठरवतात; २००७ पासून शहराच्या मध्यभागी इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आली आहे. या तीन प्रश्नांना मात्र त्या नियमांत जागा नाही. ती जागा मोहल्ल्यांच्या मंडळांना देता येईल. शहराने मान्य केलेली अशी मंडळं पोन्तोचोसारख्या गल्ल्यांत आहेत, आणि बांधकामाचा किंवा पाटीचा अर्ज करण्याआधी नवागताला त्यांच्याशी बोलावं लागतं. त्याच बैठकीत दुकान उघडण्याची वेळ, पेल्यांची व्यवस्था आणि वरच्या मजल्याचा वापर लेखी मागून घ्यायला सुरुवात करावी.