मतपरिवर्तनाची पारख

निवडणुकीच्या दिवसांत मतदारापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. काल एका धोरणाचा पुरस्कार करणारा उमेदवार आज त्याच्या उलट बोलू लागला, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय? 'वारा येईल तशी पाठ देणारा' म्हणून काही लोक अशा माणसाला एकदम निकालात काढतात. तर काही जण त्याचे नवे भाषण गोड वाटताच मागचे सारे विसरतात. या दोन्ही रीती उतावळेपणाच्या आहेत. मत का बदलले आणि बदलल्यावर त्या माणसाने काय केले, हे पाहिल्यावाचून निवाडा करता येत नाही. इंग्लंडचा मुत्सद्दी सर रॉबर्ट पील (१७८८–१८५०) याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्या काळी रोमन कॅथॉलिक पंथाच्या लोकांना ब्रिटिश पार्लमेंटात बसण्याची मुभा नव्हती. ही बंदी कायम राहावी, असे पीलचे अनेक वर्षांचे मत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारांचेही तेच मत असून त्यांनी त्याला आपला प्रतिनिधी निवडले होते. १८२८ साली आयर्लंडमध्ये डॅनिएल ओकॉनेल हा कॅथॉलिक पुढारी निवडून आला आणि तेथे असंतोषाचा भडका उडण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा गृहमंत्री असलेल्या पीलने बंदी उठवण्यास संमती दिली. परंतु ज्या मतासाठी जागा मिळाली, ते मत सोडून जागा मात्र धरून ठेवणे त्याला प्रशस्त वाटले नाही. १८२९ साली राजीनामा देऊन तो त्याच मतदारांपुढे पुन्हा उभा राहिला आणि पराभूत झाला. पुढे दुसऱ्या एका मतदारसंघातून तो निवडून आला आणि त्याच वर्षी बंदी उठली.

याहून कठीण प्रसंग पुढेच होता. परदेशी धान्य स्वस्तात येऊ नये, म्हणून १८१५ सालापासून इंग्लंडात कडक कायदे होते. त्यांमुळे जमीनदारांचा लाभ होई. गरिबांना मात्र भाकरी महाग पडे. हे कायदे राखू पाहणाऱ्या हुजूर पक्षाला १८४१ साली बहुमत मिळाले व पील पंतप्रधान झाला. कारभार पाहताना त्याचे मत हळूहळू पालटू लागले. १८४२ साली त्याने धान्यावरील जकात कमी केली. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने कुजले. तेथील लाखो गरिबांचे पोट बटाट्यावरच चाले. पीलने अमेरिकेतून मका मागवला आणि १८४६ च्या जानेवारीत धान्याचे कायदे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची सूचना पार्लमेंटात मांडली.

त्याच्याच पक्षातील बहुसंख्य सभासद विरुद्ध गेले. त्यांनी त्याला विश्वासघातकी ठरवले. अखेर विरोधकांच्या साहाय्याने जूनमध्ये कायदा संमत झाला. त्याच रात्री दुसऱ्या एका विधेयकावर पीलचा पराभव होऊन त्याला अधिकारपद सोडावे लागले. ते त्याला पुन्हा कधीच मिळाले नाही. आयर्लंडवरील संकटही या कायद्याने टळले नाही. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे भूक व रोग यांना बळी पडली.

मग पीलवर विश्वास ठेवावा काय? त्याच्या मतपरिवर्तनाचे कारण सर्वांना दिसत होते व ते त्याने उघडपणे सांगितले. बोलल्याप्रमाणे त्याने कृती केली आणि तिची किंमत स्वतः मोजली. तरीही एक आक्षेप उरतोच. १८२९ साली तो मतदारांकडे परत गेला होता. १८४६ साली गेला नाही. भूक निवडणुकीसाठी थांबत नाही, असे त्याचे समर्थक म्हणतील. दिलेला शब्द मोडण्यापूर्वी मतदारांना विचारावयास हवे होते, असे टीकाकार म्हणतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

म्हणून सुज्ञ मतदार उमेदवाराची केवळ भाषणे ऐकत नाही. जुने मत तो प्रांजळपणे कबूल करतो की लपवतो? परिस्थिती खरोखर बदलली आहे, की केवळ श्रोते बदलले आहेत? बदलाचा लाभ कोणाला होतो? नव्या मताप्रमाणे त्याने आजवर काय केले? सकाळी शेतकऱ्यांच्या सभेत एक आणि सायंकाळी व्यापाऱ्यांच्या सभेत दुसरे बोलणाऱ्याचे मत बदललेले नसते. मुळात त्याला मतच नसते. भारतात वयाच्या १८ व्या वर्षी प्रत्येक नागरिकाला मताचा अधिकार मिळतो. तो वापरण्यापूर्वी हे प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर तो अधिकार सार्थकी लागेल.