‘जय किसान’ घोषणेमागील धोरण : शास्त्रींचे एकोणीस महिने

लालबहादूर शास्त्री यांचे नाव निघाले की १९६५चे युद्ध, ताश्कंद आणि रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा आठवतो. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यातील अरियलूर येथील अपघाताची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी पद सोडले. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्यांच्या साधेपणाच्या गौरवात त्यांचे धोरणात्मक निर्णय झाकोळले गेले. देशाच्या अन्नधोरणाला त्यांनी दिलेली कलाटणी हा त्यांपैकी सर्वांत दूरगामी निर्णय होय.

२ ऑक्टोबर १९०४ रोजी मुघलसराय येथे जन्मलेल्या शास्त्रींचे पितृछत्र बालपणीच हरपले. काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ ही पदवी पुढे त्यांच्या नावाचाच भाग झाली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा कारावास भोगला. उत्तर प्रदेशात आणि नंतर केंद्रात रेल्वे, गृह आदी खाती सांभाळून ९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले.

त्या वेळी देश अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ योजनेतून येणाऱ्या गव्हावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. शास्त्रींनी पोलाद खाते सांभाळणाऱ्या सी. सुब्रमण्यम यांच्याकडे अन्न व कृषी खाते सोपवले. राजकीयदृष्ट्या हे खाते म्हणजे काट्यांचा मुकुटच होता. शेतकऱ्याला भावाची हमी नसेल, तर तो नव्या बियाण्यावर आणि खतावर पैसा का घालील, हा सुब्रमण्यम यांचा प्रश्न होता. धान्याचा भाव वाढवल्यास शहरी ग्राहकावर किंवा तिजोरीवर भार पडेल, ही विरोधकांची भीतीही अनाठायी नव्हती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा विरोध असतानाही शास्त्री कृषिमंत्र्यांच्या पाठीशी राहिले.

जानेवारी १९६५ मध्ये दोन संस्था उभ्या राहिल्या. कृषी मूल्य आयोगाने पिकांच्या भावाची शिफारस करायची आणि भारतीय अन्न महामंडळाने धान्य खरेदी करून, साठवून शिधावाटपासाठी पुरवायचे, अशी ही रचना होती. आजची किमान आधारभूत किमतीची व्यवस्था याच पायावर उभी आहे.

दुधाबाबतही त्यांची दृष्टी तीच होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये आणंद परिसराच्या भेटीत ते एका खेड्यात मुक्कामी राहिले आणि दूध उत्पादकांशी बोलले. सहकाराचा हा नमुना देशभर नेण्यासाठी १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय दिल्लीत न ठेवता आणंदला असावे, हा वर्गीस कुरियन यांचा आग्रहही त्यांनी मान्य केला.

१९६५ मध्ये युद्ध आणि अवर्षण यांचे संकट एकाच वेळी कोसळले. अन्नधान्याचे उत्पादन १९६४-६५ मधील सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून पुढील वर्षी सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. अमेरिकेनेही धान्याचा पुरवठा अल्प मुदतीच्या हप्त्यांवर आणला. शास्त्रींनी जनतेला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा याच काळातील. सैनिकाच्या बरोबरीने शेतकऱ्याचे नाव घेण्यामागे धान्यासाठी परकीयांपुढे हात पसरण्याची सल होती.

मेक्सिकोतील बुटक्या जातीच्या गव्हाचे २५० टन बियाणे १९६५ मध्ये आयात झाले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रींचे निधन झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधी यांच्या सरकारने तब्बल १८ हजार टन बियाणे मागवले. कृषिमंत्री सुब्रमण्यमच होते. १९६७-६८ मध्ये गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. आदल्या वर्षी ते १ कोटी १४ लाख टन होते. १९६८ मध्ये टपाल खात्याने ‘गहू क्रांती’चे तिकीट काढले, तेव्हा शास्त्रींच्या निधनाला अडीच वर्षे लोटली होती.