हात मोकळे, लक्ष गुंतलेलं

पवईच्या आयआयटीत एक गाडी आहे, ती जागची हलत नाही. स्टिअरिंग हातात, ब्रेक पायाखाली, पण समोरचा रस्ता पडद्यावरचा. या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर पुष्पा चौधरी आणि प्रा. नागेंद्र वेलगा यांनी 100 परवानाधारक चालकांना बसवलं. गाडी चालवता चालवता कधी साधं बोलायचं होतं, कधी डोकं खाजवावं लागेल असं बोलायचं होतं, कधी छोटा मेसेज तर कधी अवघड मेसेज पाठवायचा होता. मध्येच एखादा पादचारी रस्त्यात उतरे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: त्या पादचाऱ्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ या चार कामांत अनुक्रमे 40, 95, 137 आणि 204 टक्क्यांनी वाढला.

टक्के डोक्यावरून जातात, म्हणून मीटरमध्ये बघू. ताशी 40 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते. एरवी ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर अवघड मेसेज लिहिणाऱ्याला तीन लागतील. तेवढ्यात गाडी जवळपास 34 मीटर पुढे गेलेली असेल, म्हणजे एकामागोमाग उभ्या केलेल्या तीन बेस्ट बसइतकी. आणि ब्रेक तर आत्ता कुठे लागायला सुरुवात होतेय. घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर दिवसाउजेडी समोर एवढा रिकामा रस्ता कुणी शेवटचा कधी पाहिला?

फोन वापरणारे चालक आपसूक वेग कमी करतात, हेही या संशोधकांना दिसलं. म्हणजे धोका त्यांना आतून जाणवत असतो. पण तेवढ्याने तो भरून निघत नाही.

मेसेजचं कुणालाही पटतं, बोलण्याचं पटत नाही. ‘ब्लूटूथ आहे ना, साहेब’ म्हटलं की अंधेरीच्या कॅबमध्ये विषय मिटतो. कायद्याचाही रोख हाताकडेच आहे: 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये, हातात फोन धरून तो वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. चौकातल्या हवालदाराला हात दिसतो, लक्ष कुठे आहे ते कसं दिसणार?

ते शोधायची एक नामी युक्ती टोरंटोत रेडेलमायर आणि टिब्शिरानी या संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरली. अपघात झालेल्या 699 चालकांच्या फोन कंपन्यांकडच्या नोंदी काढून त्यांनी अपघाताआधीची मिनिटं आणि त्याआधीच्या एखाद्या दिवशीची तीच वेळ यांची तुलना केली. फोनवर बोलताना धोका सुमारे चौपट निघाला. हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली नाही.

असं का व्हावं? 2008 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांना नुसती वाक्यं ऐकवली आणि ती खरी की खोटी एवढंच ठरवायला सांगितलं. मेंदूच्या ज्या भागात जागेचं, अंतराचं भान ठेवलं जातं, तिथली ड्रायव्हिंगशी निगडित हालचाल 37 टक्क्यांनी घटली. डोळे रस्त्यावर होते, हातात फोनही नव्हता.

मग शेजारी बसलेल्याशी गप्पा मारल्या तर? इथे यूटा विद्यापीठाचा प्रयोग मला सगळ्यात उद्बोधक वाटतो. त्यात दिसलं ते असं: शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. रहदारी वाढली की तो रस्त्याबद्दल बोलू लागतो, बोलण्याची गती बदलते. जोगेश्वरीला जेव्हीएलआर हायवेला मिळतो तिथे कुठलीही शहाणी बायको नवऱ्याशी हप्त्याचा विषय काढत नाही. बोरिवलीत घरी बसून फोन करताना मात्र तिला तो चौक दिसत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालात 2021 मधले देशातले रस्ते अपघातांतले मृत्यू 1,53,972 आहेत, त्यातले फोनच्या खात्यावर 1,040. एवढा लहान आकडा मला खरा वाटत नाही. ब्लूटूथवरचं बोलणं पंचनाम्यात येणार कुठून?

शिवाय फोनच्या दुसऱ्या टोकाला बरेचदा आपणच असतो. कॅब बुक केली की दोन मिनिटांत ‘दादा, कुठे पोहोचलात?’ दादांनी उचलला नाही तर आपण राइड रद्द करतो, आणि पुढची राइडही त्यांना त्याच स्क्रीनवर, चालत्या गाडीत, काही सेकंदांत स्वीकारायची असते.