सुगंध आणि मनाची उभारी

एका मंदीच्या हंगामात हरभऱ्याचे भाव कोसळले आणि आमची झोप उडाली. उशाशी वाळ्याची ओली जुडी ठेवावी, असे घरातून सुचविण्यात आले. त्या गंधाने श्वास संथ होई, एवढे खरे. कारण गंधाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी थेट जाऊन भिडते. फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथाने या उपचारास 'अरोमाथेरपी' हे नाव दिले. लव्हेंडरच्या गंधाने चिंता काहीशी सौम्य होते, असे काही प्रयोगांत आढळले आहे. रुमालावर दोन थेंब पुरेत. तेल पोटात घेऊ नये, निव्वळ त्वचेवर लावू नये.

तथापि सुगंधाने उधारी वसूल होत नाही, तसेच खोल रुजलेले नैराश्यही जात नाही. आमची उदासी तीन महिने सरेना, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि औषधाने व मोकळ्या बोलण्याने सावरलो. तोट्याचे खाते झाकावे तसे हे दुखणे सभासद बंधुभगिनींनी झाकू नये. उदासी दोन आठवडे टिकली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. शासनाची १४४१६ ही दूरध्वनी-सेवा विनामूल्य आहे. अत्तर सोबतीस असावे. डॉक्टरांच्या जागी नव्हे.